काठमांडूच्या बाजारातली घासाघीस

वाचकहो, धम्मयात्रेची वर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. गाडी किती वाजता सुटली, कोठे वंदना घेतली, कोठे भाकरीवाचून हाल झाले, हे सर्व त्यात असते. आम्ही ते सांगत बसणार नाही. आमच्या यात्रेत एक सौदा झाला. तो अजून मनातून गेलेला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही म्हणजे आम्ही नवराबायको, राहणार चऱ्होली बुद्रुक. गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. आता चोहीकडे टोलेजंग इमारती उठल्या आहेत, पण आमची वस्ती होती तेथेच आहे. दोघांपैकी एकाची पंचवीस वर्षे भोसरीच्या एमआयडीसीत एका लहानशा फाउंड्रीत गेली. काम फेटलिंगचे, म्हणजे साच्यातून निघालेल्या कास्टिंगवरचे फाजील लोखंड ग्राइंडरने घासून काढायचे. दुसरी घरी बसून रबरी पार्टांची कड कात्रीने कापते. ठेकेदार पोते आणून टाकतो, झालेले नग मोजून नेतो आणि शेकड्यावर पैसे देतो. तेव्हा हाताच्या कामाचा भाव कसा ठरतो हे आम्हाला कोणी शिकवायला नको, अशी आमची समजूत होती.

वस्तीच्या विहारातली मूर्ती प्लॅस्टरची. एका पावसाळ्यात छप्पर गळले आणि मूर्तीचे नाक व एक कान गेला. २०१९ च्या फेब्रुवारीत एकेचाळीस माणसांची यात्रा लुंबिनी व काठमांडूला न्यायचे ठरले, तेव्हा विहारात ठराव झाला की नवी मूर्ती तिकडूनच आणावी. कोणीतरी देहूरोडची आठवण काढली. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्ती बसवली ती रंगूनहून आणलेली. देहूरोडला परदेशातून मूर्ती येते, मग चऱ्होलीला का येऊ नये? झाले, वर्गणी निघाली. कोणी पाचशे दिले, कोणी पन्नास. धुणीभांडी करणाऱ्या एका आजींनी वीस रुपये दिले आणि पावती मागून घेतली. एकूण जमले १४,३०० रुपये. पैसे आणि पावतीपुस्तक आमच्या स्वाधीन झाले.

दुसऱ्याचा पैसा कनवटीला असला की माणूस स्वतःच्या पैशापेक्षा जास्त कडक भाव करतो, हा आमचा अनुभव.

पुण्याहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, तेथून बसने सोनौली. सोनौलीची हद्द ओलांडली की पहिला धडा चलनाचा. आपला एक रुपया म्हणजे नेपाळचे १ रुपया ६० पैसे. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, रोज वरखाली होत नाही. बोलताना आपल्या रुपयाला 'आयसी' म्हणतात आणि त्यांच्या रुपयाला 'एनसी'. भाव ऐकला की आधी विचारायचे, आयसी की एनसी? हा प्रश्न विसरलेल्या आमच्या एका सोबत्याने पहिल्याच दिवशी चहाचे दीडपट पैसे मोजले. शिवाय त्या वेळी शंभरापेक्षा मोठी भारतीय नोट तिकडे चालत नसे. त्यामुळे सगळी वर्गणी शंभराच्या नोटांत, उशीच्या जुन्या अभ्र्यात बांधून पोटाशी. ते पुडके रात्री झोपताना टोचायचे.

लुंबिनीत अशोकाचा स्तंभ पाहिला. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी सम्राट तेथे आला आणि भगवंतांचे जन्मगाव म्हणून गावाचा 'बली' हा कर माफ करून पिकातला राजाचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, असे त्या लेखात आहे. आमच्या आत्या बरोबर होत्या. वय सत्तरीच्या पुढे, सगळी वस्ती त्यांना आक्का म्हणते. त्यांनी अर्थ ऐकला आणि म्हणाल्या, "मागितलं नसताना भाव उतरवणारा हा एकच दिसतो."

काठमांडूत आम्ही पोहोचलो ते दिवसभराच्या बसप्रवासाने अंग मोडून. १९५६ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी याच शहरात आले होते, आणि बुद्ध व कार्ल मार्क्स यांविषयी बोलले होते. त्यांचा हा शेवटचा परदेशप्रवास. त्यानंतर महिनाही उलटला नाही तो ते गेले. सकाळी सगळ्यांनी तेवढी आठवण काढली, आणि मग मंडळी बाजाराला निघाली. खरे सांगायचे तर बायाबापड्यांना बाजाराची ओढ दोन दिवसांपासून होती.

बाजार बसंतपूरचा. जुन्या राजवाड्यासमोर विटांची फरसबंदी केलेले मोठे उघडे पटांगण आहे. डोक्यावर छप्पर नाही. विक्रेते जमिनीवर किंवा बुटक्या पाटांवर माल मांडून बसतात. काशाच्या वाट्या, लाकडी मुखवटे, पोवळ्याच्या रंगाचे मणी, हाताने फिरवायची प्रार्थनाचक्रे, खुकऱ्या, आणि लहानमोठ्या बुद्धमूर्ती. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात शेजारची कित्येक देवळे कोसळली होती. आम्ही गेलो तेव्हा चार वर्षे होत आली तरी परांच्या बांधलेल्या होत्या, आणि त्यांच्या सावलीत बाजार भरला होता.

बसचा चालक मोठा अनुभवी. त्याने सल्ला दिला, "आता घेऊ नका. दिवेलागणीला या. माल गुंडाळताना अर्ध्या भावात देतात." आम्हाला पटले. आक्कांना पटले नाही. त्या बाजूच्या पायरीवर बसून राहिल्या.

मग त्यांनी सांगितले ते आम्हा दोघांनाही नवे होते. आक्कांची आई, म्हणजे आमची आजी, रानातून सरपणाची मोळी करून आळंदीला विकायला नेई. आक्का तेव्हा सात-आठ वर्षांच्या, मागून चालत. यात्रेच्या दिवसांत मोळीला गिऱ्हाईक लगेच मिळे. एरवी गिऱ्हाईक मोळीभोवती फिरे, काटक्या हलवून बघे, ओली आहे म्हणे आणि निघून जाई. पुन्हा यायचे ते उन्हे कलल्यावर. बाई मोळी डोक्यावर घेऊन अंधारात परत चऱ्होलीला जाणार नाही, हे त्याला ठाऊक. तेव्हा तो म्हणेल तो भाव. पैसेही हातात न देता वरून टाकत. "पण आईला तेसुद्धा बरं वाटायचं," आक्का म्हणाल्या. "गावकीच्या कामाला तर भावच नव्हता. सांगावा पोचवा, मेलेलं ढोर ओढा, आणि खळ्यावर जे पडेल ते घ्या. कितीला, असं कुणी विचारतच नव्हतं. मोळीला निदान विचारायचे."

(वतनाची ही बेडी १९५८ च्या कायद्याने तुटली, हे वाचकांना सांगायला नकोच. आक्का तेव्हा लहान होत्या, पण खळे त्यांना आठवते.)

आम्ही थोडे वरमलो. पण वरमलेला माणूसही भाव करतोच. मण्यांच्या माळेला आठशे सांगितले, आम्ही दोनशेवर सुरुवात केली, चारदा उठलो, चारदा बसलो, आणि तीनशे एनसीला माळ घेतली. दिवसाची बोहनी म्हणून त्या बाईने नोट कपाळाला लावली. तिकडेही बोहनीला हाच शब्द आहे. आमच्या गटातल्या दुसऱ्या ताईंना तीच माळ पुढच्या पाटावर अडीचशेला मिळाली. तेव्हा आमचे तोंड उतरले. पन्नास एनसी म्हणजे आपले एकतीस रुपये. एकतीस रुपयांसाठी माणसाचे तोंड किती उतरावे, याला काही हिशेब नाही.

खरे काम मूर्तीचे. एका तरुण विक्रेत्याने वीतभर पितळी मूर्ती पुढे केली. "हाताची बनावट, दाई, एकेक महिना लागतो," असे तो हिंदीत म्हणाला. आमच्यातल्या फेटलिंगवाल्याने मूर्ती हातात घेऊन दंडाच्या बाजूने अंगठा फिरवला आणि खाली ठेवली. दोन्ही बाजूंनी अगदी बारीक शिवण होती. वाळूचा साचा दोन पेट्यांचा असतो. वरची पेटी आणि खालची पेटी जेथे मिळतात तेथे कास्टिंगवर रेघ उठते. आम्ही तिला पार्टिंग लाइन म्हणतो. ती घासण्यातच आमची पंचवीस वर्षे गेली. एकदा लाकडी नमुना झाला की अशा मूर्ती दिवसाला ढीगभर निघतात. आम्ही त्याला तसे सांगितले. पोरगा आधी गप्प झाला, मग खो खो हसला. "तुम्हीपण भट्टीवालेच की!" मग मात्र त्याने मोकळेपणाने सांगितले की यातला काही माल मुरादाबादहून येतो, म्हणजे आमच्याच देशातून. आम्ही हद्द ओलांडून, नोटा पोटाशी बांधून, उत्तर प्रदेशातली मूर्ती घ्यायला निघालो होतो! खरी हाताची मूर्ती पाहिजे तर पाटणला जा, ओकुबहालला जा, असे त्यानेच सांगितले. त्याने स्वतःचे गिऱ्हाईक घालवले याचे आम्हाला नवल वाटले.

पाटण म्हणजे ललितपूर, बागमती नदीच्या पलीकडे. ओकुबहाल भागात घराघरांत धातूच्या मूर्ती घडतात. कारागीर बहुतेक शाक्य आणि बज्राचार्य, नेवार समाजाचे, पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध. याच खोऱ्यातला अरनिको नावाचा कारागीर तेराव्या शतकात तिबेटमार्गे कुब्लाईखानाच्या दरबारी गेला. त्याने उभारलेला पांढरा स्तूप आजही बीजिंगमध्ये आहे. हे आम्हाला मागाहून कळले. त्या वेळी दिसला तो एक साठीचा माणूस. चष्म्याला दोरा बांधलेला, तांब्याची मूर्ती दोन्ही पायांच्या मध्ये धरून बारीक छिन्नीने चिवराची किनार कोरत बसलेला. सगळे त्यांना दाजू म्हणत होते, म्हणजे थोरला भाऊ. आम्हीही दाजूच म्हटले.

मूर्ती कशी होते ते त्यांनी दाखवले. मेणात राळ मिसळून आधी पूर्ण मूर्ती मेणाची करायची. तिच्यावर माती, शेण आणि भाताचा तूस यांचे थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर सावलीत वाळवायचा. मग भट्टीत तापवले की मेण वितळून वाहून जाते आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. तिच्यात वितळलेले तांबे ओतायचे. थंड झाले की साचा फोडायचा. आमच्या पट्ट्यात हीच विद्या इन्व्हेस्टमेंट कास्टिंग या नावाने चालते. मोटारींचे आणि पंपांचे पार्ट अशाने होतात. साचा दर वेळी फुटतो, म्हणून त्या साच्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. "म्हणजे हिला जुळी नाही," आक्का म्हणाल्या. सोन्याचा मुलामा दिलेल्याही मूर्ती होत्या. पाऱ्यात सोने कालवून अंगाला फासतात आणि आगीवर पारा उडवतात. तो धूर छातीत जातो. छातीत काय काय जाते ते फाउंड्रीवाल्याला विचारा. त्या मूर्तींचा भाव आमच्या आवाक्यातला नव्हता, तेव्हा त्यांच्याकडे फार पाहिलेही नाही.

आम्हाला आवडली ती साध्या तांब्याची, भूमिस्पर्श मुद्रेतली, वीतभर उंचीची. मुद्रा शांत, डोळे अर्धे मिटलेले. भाव २८,००० एनसी. मनातल्या मनात भागाकार केला, साडेसतरा हजार आयसी. जवळ १४,३००, म्हणजे २२,८८० एनसी. पाच हजारांवर तूट.

मग आम्ही सगळे उपाय केले. विहारासाठी आहे म्हणालो. वर्गणीचे पैसे आहेत म्हणून पावतीपुस्तक दाखवले. उठून दारापर्यंत गेलो. दाजू २६,००० वर आले आणि थांबले. तेव्हा आमच्यातल्या फेटलिंगवाल्याने मूर्ती उलटी केली, मोबाइलचा दिवा लावला आणि शोधायला सुरुवात केली. पाठीवर, उजव्या खांद्याखाली, हरभऱ्याएवढी एक जागा थोडी फिक्या रंगाची दिसली. ठिगळ! ओतताना आत हवा अडकली की पोकळी राहते, आम्ही तिला ब्लोहोल म्हणतो. "हा डिफेक्ट आहे. आमच्याकडे हा रिजेक्शनचा माल," असे आम्ही मोठ्याने म्हणालो.

भोसरीत असे बोलणारा माणूस निराळा असे. हातात पिवळा खडू घेऊन तो यायचा, कास्टिंगवर फुली मारायचा आणि त्या नगाचे पैसे कापायचा. पोकळी ओतणाऱ्याच्या चुकीने, पैसे घासणाऱ्याचे कापलेले. पंचवीस वर्षे त्या फुलीचा आम्हाला राग. आणि त्या दिवशी पाटणला आमच्या तोंडून त्याचाच आवाज निघाला. शेजारी बसलेल्या दुसरीने तो ओळखला. घरी येऊन रडगाणे सांगताना या आवाजाची नक्कल तिने शंभर वेळा ऐकलेली.

दाजू रागावले नाहीत. म्हणाले, धातू आहे, हवा धरतो. तेवढा भाग चौकोनी कापून काढला, त्याच तांब्याचा तुकडा बसवला, ठोकला, वर छिन्नी चालवली, त्याला दोन दिवस लागले. "डोळ्यांनी पकडलेत. आता डोळे मिटा आणि बोटाने शोधा."

आम्ही डोळे मिटले. ज्या अंगठ्याने सकाळी केसाएवढी शिवण पकडली होती, तोच अंगठा पाठीवरून तीनदा फिरवला. सापडले नाही.

वाचकहो, हे काम ज्याने केले आहे त्यालाच कळेल की आम्ही डोळे उघडल्यावर का बोललो नाही.

दुसरीने तेव्हा वेगळाच प्रश्न विचारला. "दाजू, एकूण दिवस किती?" घासाघीस सुरू झाल्यापासून हे कोणी विचारलेच नव्हते. ते बोटांवर मोजू लागले. मेणाचे दिवस, मातीचे, वाळायचे सोडून द्या, छिन्नीचे अकरा, ठिगळाचे दोन. तांबे विकतचे, भट्टीचा माणूस वेगळा. शेकड्यावर हिशेब करायची सवय असलेली बाई. तिने तिथेच तोंडी भागाकार केला आणि आमच्या कानात रोज सांगितला. भोसरीतल्या हेल्परच्या रोजाच्या आसपासच होता. तिबेट-चीनपर्यंत नाव गेलेल्या कारागिरीचा हा रोज!

दाजू म्हणाले, शेवटचे २४,०००. म्हणजे १५,००० आयसी. आम्हाला सातशे कमी पडत होते. दुपार टळली होती. आम्ही आल्यापासून दुसरे गिऱ्हाईक दारात आले नव्हते. दाजूंची नजर पुन्हापुन्हा त्या नोटांच्या पुडक्याकडे जात होती. आणखी पाच मिनिटे गप्प बसलो असतो तर ते २२,८८० ला आले असते, हे आम्हाला दिसत होते. दुसऱ्याचा पैसा, हिशेब द्यायचा आहे, गप्प बसणे हे कर्तव्यच, असेही मनात येत होते.

आक्का म्हणाल्या, "उन्हं कलली. आता भाव करू नका."

सातशे रुपये मुलांच्या स्वेटरसाठी बाजूला ठेवले होते, ते त्यात घातले.

दाजूंनी मूर्ती कापसात गुंडाळली, नवी घडण असे बिलावर लिहून दिले. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून ही काळजी. चहा आला. तेव्हा त्यांनी सहज विचारले, आपण कोण? आम्ही म्हणालो, बौद्ध. "बौद्धांत कोण? शाक्य?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. जन्मावरून विहाराचा सभासद होण्याची तेथे रीत आहे, म्हणून त्यांचा प्रश्न साधाच असेल. आमच्या पोटात मात्र गोळा आला. एवढ्या लांब येऊनही तोच प्रश्न! आक्का म्हणाल्या, "नुसते बौद्ध." दाजूंना ते कितपत उमजले कोण जाणे. त्यांनी आपल्यासारख्याच पेल्यातून आम्हाला चहा दिला. आक्कांनी पेला फिरवून पाहिला आणि मगच प्यायल्या. सत्तर वर्षांची सवय आहे.

संध्याकाळी बसंतपूरला परतलो तेव्हा खुकऱ्यांचा पाट आवरत होता. पूर्वेकडच्या भोजपूरची खुकरी नावाजलेली. ती घडवणारे विश्वकर्मा लोक, जुन्या बोलीत कामी. तेही धातूच तापवतात, तेही ठोकतात. पण १८५४ च्या मुलुकी ऐन या कायद्याने त्यांना अस्पृश्यांत घातले होते. १९६३ ला कायदा बदलला, २०११ ला अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा वेगळा कायदा झाला. खेड्यांत काय चालते ते तिथल्या वाटाड्याने सांगितले, ते आपल्याकडच्यासारखेच आहे. मूर्ती ओतणारा वर आणि विळा-खुकरी करणारा खाली. एकाच विस्तवाची दोन मोले. आमच्या गटातल्या एका पोराने खुकरीचा भाव अर्ध्यावर आणला होता, चालकाच्या सल्ल्याप्रमाणे, अगदी दिवेलागणीला. तो फार खुशीत होता. आम्ही त्याला काही बोललो नाही. दुपारपर्यंत आम्हीही तेच करत होतो.

चऱ्होलीला आल्यावर रविवारी वंदनेनंतर हिशेब वाचला. मूर्ती सर्वांना आवडली. किंमत ऐकून मात्र कुजबुज झाली. एक काका उघड म्हणाले, "गंडवलं तुम्हाला. रविवार पेठेत असली मूर्ती सहा-सात हजारांत मिळते." शिवण आणि ठिगळ यांची सगळी हकिकत आम्ही सांगितली. काहींना पटली. दोन घरे अजून फुरंगटलेली आहेत, आणि त्यांचे अगदीच चुकते असेही आम्हाला म्हणवत नाही. पैसे त्यांचे होते, दया आम्हाला आली होती. वीस रुपयेवाल्या आजींनी फक्त मूर्ती उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "जड आहे."

पुढल्या आठवड्यात ठेकेदार रबराचे पोते घेऊन आला. शेकड्याला चार रुपये, असे नेहमीचे म्हणाला. तेव्हा आमच्यातल्या कात्रीवालीने विचारले, "साहेब, शेकडा कापायला वेळ किती लागतो, ते कधी बघितलंय का?" त्याने पोते उचलले आणि पुढच्या आळीत नेऊन टाकले. तीन आठवडे घरात काम नव्हते. मग पुढच्या आळीतल्या बायांनीही तेच विचारले म्हणे. खरे-खोटे आम्ही पाहिलेले नाही. पोते परत आले ते साडेचारच्या भावाने.

मूर्ती विहारात आहे. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मुले ती खाली उतरवून चिंचेने घासतात. तांबे लखलखले की एकेक जण डोळे मिटून पाठीवरून बोट फिरवतो आणि ठिगळ शोधतो. अजून कोणाला सापडलेले नाही.